किटली निर्दोष सुटली

३ मार्च

सूनबाई,

मायना काय घालावा यातच माझी सकाळ गेली. ‘प्रिय’ लिहिलं तर तुला वाटेल सासू नरमली. काहीच नाही लिहिलं तर वाटेल अजून फुगून बसली आहे. तेव्हा नुसतं ‘सूनबाई’. त्यातून काय काढायचं ते काढ.

हे पत्र माफी मागायला नाही, हे आधीच सांगून ठेवते. जाताना दारात उभी राहून तू म्हणालीस, “आई, चहाकॉफीचं पाणी घरात सगळ्यात स्वस्तात कसं उकळतं ते तुम्हीच एकदा शोधून काढा आणि मला कळवा.” ते तू रागाने म्हणालीस एवढं मला कळतं, मी काही दूधखुळी नाही. पण अंगावर घेतलेलं काम अर्धवट टाकायची मला सवय नाही. जन्मभर शाळांचे गणवेश शिवले, शाळा उघडायच्या दिवशी एक पोरगं बिनचड्डीचं राहू दिलं नाही. तेव्हा शोधते आहे आणि कळवते आहे. बाकी अर्थ काढू नकोस.

फोन करत नाही, कारण फोनवर मी तोंड उघडलं की भांडण होतं, आणि तू तर उचलतच नाहीस. पत्र तुझा नवरा आणून देईल. तो इस्त्रीचे शर्ट न्यायला इथे येतोच. वेगळं राहायला गेला तो, शर्ट नाही गेले. पाकीट मी चिकटवलेलं नाही, शिवलं आहे. चिकटवलेलं पाकीट त्याला वाफेवर धरून सोडवता येतं. सहावीत असताना प्रगतिपुस्तकाचं पाकीट त्याने असंच उघडलं होतं. टाका मात्र त्याला या जन्मात घालता यायचा नाही. उसवलेलं दिसलं तर काय ते समज.

आता मुद्द्यावर येते. पहिला प्रयोग गॅसचा. नेहमीचं पातेलं, दोन कप पाणी, मोठी आच, झाकण नाही. मग तेवढंच पाणी झाकण ठेवून, आणि आच पातेल्याच्या बुडाबाहेर जाणार नाही एवढीच. झाकणवालं आधी उकळलं. म्हणजे इतकी वर्षं मी निम्मा गॅस छताला पाजत होते. हे तू मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंस. “आई, झाकण ठेवा ना,” म्हणालीस, आणि मी मनात म्हटलं, काल आलेली मुलगी मला पाणी उकळायला शिकवते. तुझं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. झाकणाचं बरोबर होतं.

आणि एवढ्याशा गोष्टीवरून घर सोडायचं असतं का? मी काय म्हणाले होते? बिल मोठं आलं, तेव्हा ती विजेची किटली जरा जपून वापर, एवढंच. नवीन किटली जानेवारीत आली आणि पुढचंच बिल असं आलं की आकडा बघून मी शिलाई मशीनच्या स्टुलावर मटकन बसले. दुसरं कोणाचं नाव घेणार होते मी?

चिरंजीव म्हणाले, महिनाअखेरीला तुम्ही त्या भाड्याच्या खोलीचा वर्षभराचा करार करणार आहात. करा बापडे. मी कोण सांगणार?

तुझी सासू

ता. क. सकाळी सहाच्या बातम्यांत हवामान सांगताना तू खोकलीस. रेडिओ मी बातम्यांसाठी लावते, तुझ्यासाठी नव्हे. पण बातम्या वाचायच्या आधी घशाला गरम पाणी लागतं म्हणून तर ती किटली घेतली होतीस ना? मग ती इथे ओट्यावर का सोडून गेलीस? मी ती हलवलेली नाही. फक्त रोज पुसते, धूळ बसते म्हणून.


८ मार्च

सूनबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोन ओळींची चिठ्ठी आणि तिला स्टेपलरच्या चार पिना. “आई, पाणी मापाने घेतलं होतं का? अंदाजे घेतलं असेल तर प्रयोग बाद.” बाद म्हणे! जन्मभर टेप गळ्यात घालून हिंडलेल्या बाईला मापाच्या गोष्टी सांगते!

मग मोजलं. दोन कप म्हणून मी अंदाजाने जे ओतते ते साडेतीन कप भरलं. कप लहान असेल म्हणून दुसरा कप घेतला. तेच. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ मी दीड कप पाणी उकळायची, गार करायची आणि बेसिनमध्ये ओतून द्यायची. हे तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस, त्याला हसायला निमित्त लागत नाही.

पुढचा प्रयोग थर्मासचा. सकाळी एकदाच उकळायचं आणि दिवसभर पुरवायचं. दुपारपर्यंत पाणी गरम राहिलं हे खरं, पण त्या चहाला बुचाचा वास आला. दवाखान्यात कोणाला भेटायला गेल्यासारखं वाटत होतं. मग बाटलीला काळा रंग देऊन ती गच्चीत उन्हात ठेवली. पाणी चांगलं कढत झालं आणि खाली आणून गॅसवर ठेवलं तर बघता बघता उकळलं. मी खूश. पण गच्चीचा जिना चार वेळा चढून-उतरून गुडघे धरले आणि संध्याकाळी तेल चोळत बसावं लागलं. तेलाचा खर्च धरला तर ऊन महाग पडतं.

आता राहिली तुझी किटली. गॅस निदान डोळ्यांना दिसतो, वीज कुठे दिसते? म्हणून खाली जिन्याखाली जाऊन मीटरच बघायचं ठरवलं आहे. तिथे दोनच मीटर, एक आपलं आणि एक खालच्या बँडमास्तरांचं. धुळीने खराब होतात म्हणून मी दोन्हींना गणवेशाच्या उरलेल्या कापडाची कव्हरं शिवली आहेत ना? आपलं निळं, मास्तरांचं खाकी. आपल्यावर कात्री भरली आहे, त्यांच्यावर ट्रम्पेट. त्या कात्रीला तू पहिल्या दिवशी हसली होतीस. “आई, ही वाजते का?” असं विचारलंस. भरतकाम हा माझा प्रांत नाही बाई, मी चड्ड्या शिवणारी. एक लांब दांडा आणि मागे दोन वेटोळी, कात्रीलाही तेच आणि ट्रम्पेटलाही तेच. मी तरी काय करू?

लोकांना मात्र कव्हरांचा उपयोग होतो. मीटर वाचायला येणारे काका नंबर बघतच नाहीत. निळं वरचं, खाकी खालचं, असं त्यांचं ठरलेलं आहे. नंबर बघायला वाकावं लागतं, आणि त्यांच्या कमरेत उसण भरली आहे. ती मी त्यांना ओळखते तेव्हापासून भरलेली आहे. जानेवारीत कव्हरं धुतली होती, परत मळली. तू असतीस तर म्हणाली असतीस, “आई, मीटरना कपडे कशाला हवेत?”

घसा अजून बसलेलाच आहे तुझा. चिरंजीव म्हणतात, त्या खोलीत एकच शेगडी आहे आणि पहाटे घरमालक ती पेटवू देत नाही. अशा माणसाशी वर्षाचा करार करायचा म्हणजे कमाल आहे. माझं आपलं सहज मत.

तुझी सासू


१३ मार्च

सूनबाई,

पुढे लिहिते आहे ते पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. तुझी किटली फुकटात पाणी उकळते.

काल चिरंजीवांना वर किटलीपाशी उभं केलं आणि मी खाली मीटरपाशी गेले. घरातलं बाकी सगळं बंद, फ्रिजसुद्धा. निळं कव्हर वर केलं. आत एक बारीक लाल दिवा असतो, वीज खर्च होते तसा तो लुकलुकतो. जितका खर्च जास्त तितकी त्याची घाई जास्त. चिरंजीव वरून ओरडले, “चालू!” दिवा ढिम्म. मी ओरडले, “अरे, चालू कर!”

“केली!”

“किटलीचा दिवा लागला का?”

“लागला!”

“मग आवाज येतोय का पाण्याचा?”

“आई, वाफेने माझा चष्मा गेला!”

आणि खाली तो दिवा जणू झोपलेला. बाहेरून येणारे बँडमास्तर फाटकाशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी नमस्कार केला आणि काही न विचारता आपल्या घरात गेले. शहाणा माणूस आहे.

तुला वाटेल मी खोटं सांगते. मलाही तसंच वाटलं असतं, पण पुढचं ऐक. संध्याकाळी मी परत सगळं बंद केलं. किटलीचं तोंडसुद्धा दिसू नये म्हणून ती कपाटात, कुलपात ठेवली. खाली जाऊन बघते तर लाल दिवा पिसाळल्यासारखा नाचतो आहे! घरात एक पंखा चालू नाही, आणि मीटर धावतंय. तुझ्या नवऱ्याचं मत असं की किटली सकाळी उधारीवर उकळते आणि संध्याकाळी हप्ते फेडते. याला इंजिनिअर करण्यासाठी मी रात्रंदिवस मशीन चालवली होती!

ही किटली झपाटलेली आहे असं मी म्हणत नाही. पण ती आल्यापासूनच हे सुरू झालं, एवढं तुलाही कबूल करावं लागेल.

काल बातम्यांत ‘तापमान’ या शब्दाशी तू थांबलीस आणि घोट घेतल्याचा आवाज आला. ते पाणी गार होतं. मला आवाजावरून कळतं.

सासू


१७ मार्च

सूनबाई,

चोर सापडला. आधी बसून घे, मग पुढे वाच.

काल संध्याकाळी परत खाली गेले. दिवा नाचत होता आणि मास्तरांच्या घरातून ट्रम्पेट ऐकू येत होतं. उभी राहिले. ट्रम्पेट थांबलं, पण दिवा नाचतच होता. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी त्यांचं दार वाजवलं. आत मास्तर खुर्चीत, पँट गुडघ्यापर्यंत वर, पाय गरम पाण्याच्या बादलीत, हातात ट्रम्पेट. शेजारी दुसरी बादली, तिच्यात पाणी तापवायचा रॉड. त्यांचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत, आणि पाय शेकल्याशिवाय वरचे सूर लागत नाहीत म्हणे.

मी म्हटलं, “मास्तर, तो रॉड जरा बंद करा.” त्यांनी केला. मी जिन्याखाली जाऊन बघितलं. दिवा थंड. तिथूनच ओरडले, “आता चालू करा!” दिवा परत नाचायला लागला.

“मास्तर,” मी म्हटलं, “तुम्ही माझ्या मीटरवर बादल्या तापवताय!”

मास्तर ओल्या पायांनी बाहेर आले. असे लाल झाले होते की मलाच भीती वाटली. “बाई, दुसऱ्याच्या लग्नात वाजवून मी वाढलेलं ताटसुद्धा मागून घेतलं नाही कधी, आणि तुमची वीज घेईन?” त्यांनी निळं कव्हर ओढून काढलं, खाली वाकले आणि नंबर वाचला. “हा बघा, माझा नंबर. तोंडपाठ आहे मला. हे माझं मीटर आहे. यावर तुमचं ट्रम्पेट कशाला?”

“ते ट्रम्पेट नाही, कात्री आहे.”

“ही कात्री?”

“मग काय आहे?”

मास्तरांनी कव्हर उलटं धरलं, सरळ धरलं. “बाई, मी पन्नास वर्षं ट्रम्पेट वाजवतो. हे ट्रम्पेट आहे.”

त्यावर बराच वेळ वाद झाला. तो मी लिहीत नाही, कारण त्यात मी हरले.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. जानेवारीत कव्हरं धुतल्यावर ती परत लावायला मी कोणाकडे दिली होती? तुझ्या नवऱ्याकडे! त्याला रंग ठाऊक नव्हते, म्हणून साहेबांनी चित्रं बघून लावली. ट्रम्पेट म्हणून त्याने जी मास्तरांच्या मीटरला घातली, ती माझी कात्री, आणि कात्री म्हणून आपल्याला घातलं, ते त्यांचं ट्रम्पेट. मग मीटरवाले काका आले, वाकले नाहीत, निळं ते वरचं म्हणून मास्तरांचा आकडा आपल्या नावावर लिहून गेले. मास्तरांचा आकडा आपल्याहून कितीतरी पुढे, कारण बादल्या. मधला सगळा फरक आपल्या बिलात आला. म्हणून ते बिल!

आणि मास्तरांना काय बिल आलं असेल? जवळजवळ काहीच नाही. मी म्हटलं, “मग बोलला नाहीत का?” तर म्हणाले, “मला वाटलं, ज्येष्ठ कलावंतांना सवलत लागू झाली.” दोन महिने हा माणूस सरकारला मनातल्या मनात दुवा देत होता. आता आम्ही दोघं मिळून विजेच्या कचेरीत जाऊन आलो, ते दुरुस्त करून देणार आहेत. मास्तर तेव्हापासून जरा उदास आहेत.

तेव्हा किटली निर्दोष सुटली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. काल तिला कपाटातून काढली, पुसली, समोर ठेवली आणि म्हटलं, बाई, चूक झाली, मनात ठेवू नकोस. मग आपल्या खऱ्या मीटरवर तिचा प्रयोग केला. दिवा लुकलुकला, पण शहाण्यासारखा.

तुझी सासू

ता. क. चिरंजीवांनी मान खाली घातली आहे. वर करू देऊ नकोस.


२२ मार्च

सूनबाई,

तुझी चिठ्ठी आली. “किटलीची माफी वाचली. छान आहे. माझी कोणत्या पत्रात येणार?”

वाचली तेव्हा असा राग आला की मी मशीनवर बसून एक आख्खी उशी शिवून काढली. नको असताना. सासूशी बोलायची ही रीत झाली? आमच्या सासूबाईंना मी असं विचारलं असतं तर... पण जाऊ दे. त्यांनी कधी कोणाची माफी मागितली नाही आणि त्यांच्याशी शेवटपर्यंत कोणी मोकळेपणाने बोललंही नाही. उशी शिवताना हेच डोक्यात घोळत होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की ‘किटली जपून वापर’ एवढंच मी म्हणाले. तसं मी म्हणाले नव्हते. मी काय म्हणाले ते तुलाही पाठ आहे आणि मलाही. बिल हातात धरून, तुझ्या नवऱ्यासमोर, मी म्हणाले, “तुझा घसा या घराला परवडत नाही.”

तुझ्या घशावर तुझं पोट आहे. त्या आवाजासाठी तू तिखट सोडलंस, आइस्क्रीम सोडलंस, माझ्याशी भांडतानासुद्धा कधी आवाज चढवला नाहीस. आणि त्याच घशाला मी नको ते बोलले. बिल खरं असतं तरी ते बोलायला नको होतं. चुकलं माझं. किटलीचं नव्हे, मीटरवाल्या काकांचं नव्हे, माझं. मला माफ कर. झालं लिहून. हात दुखला नाही, उगीच घाबरत होते.

आता तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण काम पुरं झालं आहे. चहाकॉफीचं पाणी सगळ्यात स्वस्तात उकळायचं तर लागेल तेवढंच, कपाने मोजून घ्यायचं. किटलीत घे नाहीतर झाकण ठेवलेल्या पातेल्यात घे, त्यात आपल्या घरापुरता तरी फार फरक मला दिसला नाही. उकळी आली की लगेच बंद करायचं, आणि एकदा उकळलेलं परत उकळायचं नाही. एवढंच शास्त्र आहे.

त्या हिशेबाने बघितलं तर आपल्या घरात खरी उधळपट्टी कोणती होती ते मला कळलं. पहाटे तू निघायच्या आधी आपण पाणी ठेवायचो आणि बोलत बसायचो. पाणी उकळायचं, तू मला आदल्या दिवशीच्या बातम्यांत कोण कुठे अडखळलं ते सांगायचीस, पाणी गार व्हायचं. परत ठेवायचो. मी तुला कोणत्या मुख्याध्यापकाची पँट मागे कशी उसवली ते सांगायची, परत गार. चहा होईपर्यंत तुझी गाडी दारात यायची आणि तू उभ्या उभ्या प्यायचीस. एका चहाला तीन उकळ्या! कोणत्याही किटलीला हे परवडायचं नाही.

आणि आता महिना होत आला, मी सगळ्यात स्वस्त चहा पिते आहे. एक कप, मोजून, एकदाच उकळलेला, कोणाशी एक शब्द न बोलता. काटकसर म्हणून त्यात काही काढायला जागा नाही. घशाखाली उतरत नाही, एवढंच.

मुलगा माझ्या पोटचा आहे, पण त्याला सकाळी तोंड उघडायला दहा वाजतात. त्याला हवं तर तिथेच ठेव. मला तू घरात हवी आहेस. हे आता स्पष्टच लिहिते, कारण ‘सहज मत’ म्हणून लिहिलेलं तुला कळतं आणि तरी तू न कळल्यासारखं करतेस, आणि तेही बरोबरच करतेस.

या पत्राबरोबर किटली पाठवते आहे. तू परत यावंस म्हणून मी ती इथे अडकवून ठेवली होती, हेही सांगून टाकते. मला वाटायचं, घसा फारच बसला तर किटलीसाठी तरी येशील. कसली ही अक्कल! करार कर किंवा करू नकोस, पण घसा सांभाळ. लागेल तेवढंच पाणी भर, आणि किटली तिथल्या त्या खोलीत भिंतीपासून जरा लांब ठेव, वाफेने पोपडे धरतात. मग तो घरमालक बोलेल, आणि त्याला उत्तर द्यायला मी तिथे नाही.

तुझीच,
आई


२९ मार्च

सूनबाई,

आठवडा झाला, उत्तर नाही.

मला राग आलेला नाही. फक्त कळवते, की सोमवारपासून तुझा आवाज स्वच्छ लागला आहे. आज तू सगळं हवामान एका दमात वाचलंस, कुठे खोकला नाही, घोट नाही. मी रेडिओ बंद केला आणि थोडी रडले. म्हटलं, किटली चालली. मग वाटलं, आता तुला इथल्या कशाचीच गरज उरली नाही. आपल्या हाताने आपलाच शेवटचा दोर कापला मी. पण तरी सांगते, परत तशी वेळ आली तरी पाठवीन.

काल तुझा नवरा आला आणि सगळे शर्ट एकदम घेऊन गेला. नेहमी दोन नेतो. मी विचारलं, “सगळे कशाला?” तर म्हणाला, “लागतील.” करार करायला बारा शर्ट लागतात का? मी एक शर्ट मुद्दाम बादलीत भिजवून ठेवला होता, वाळल्यावर ये म्हणून. तोही पिळून ओलाच घेऊन गेला.

खाली मास्तर म्हणत होते, “बाई, सूनबाई येतील. एवढं काय मनाला लावून घेता?” त्यांना काय, सवलत गेली तरी बादली आहे.

परवा महिना संपतो. जे ठरेल ते कळव. चिठ्ठीला पिना हव्या तेवढ्या मार.

आई


१ एप्रिल, पहाटे

सूनबाई,

हे पत्र पाकिटात नाही, शिवलेलंही नाही. किटलीखाली ठेवते आहे, उठलीस की दिसेल. तारीख बघून खोटं समजू नकोस.

काल संध्याकाळी तुम्ही दोघं दारात उभे राहिलात, त्याच्या हातात शर्टांची बॅग आणि तुझ्या हातात किटली, तेव्हा मी नुसतं “आत या” म्हणाले. तू दारातच हातात दिलेलं पाकीटही मी तेव्हा उघडलं नाही. तुम्ही झोपल्यावर उघडलं. शिवलेलं होतं ते! मला आधी वाटलं तू शिकलीस. आत एकच ओळ, “आई, करार केला नाही. टाके तुमच्या मुलाने घातले आहेत.”

मग मी चष्मा लावून ते टाके नीट बघितले. सारख्या अंतराचे, सरळ, शेवटी गाठ आतल्या बाजूला. जन्मभर हेच काम केलंय मी, पहिल्यांदा सुई धरलेल्या माणसाचा टाका असा येत नाही. हा हात सरावाचा आहे. म्हणजे माझं एकूण एक पत्र या मुलाने उसवून वाचलं आणि परत शिवून तुला दिलं! तुला माहीत होतं का? माहीत असणार. इतके दिवस दोघं मिळून मला हसत होतात. आणि हा पोरगा मला म्हणायचा, बटण लावता येत नाही.

त्याला मी बोलणार आहे. पण नऊ-दहा वाजता, त्याचं तोंड उघडल्यावर. आजपासून मीटरची कव्हरं धुवायची आणि लावायची तोच, आणि कात्रीसुद्धा नव्याने भरायची त्यानेच. एवढा सुबक टाका घालतो तर दिसू दे जगाला कात्री कशी असते.

किटलीत पाणी भरून ठेवलं आहे. कपाने मोजून, दोघींचं. तुझी गाडी यायला वेळ आहे. बटण दाब आणि मला उठव. मी जागीच असेन, पण उठव.

आई